कारभाऱ्याला पहाटे विचारावं

जेवत असलेल्या माणसाला आप्पा कधीही ‘कसं काय, बरंय ना?’ असं विचारत नसत. समोरचा भाकरी मोडत असेल तर ते गप्प त्याच्या बाजूला बसून राहत. त्याचं जेवण व्हायचं, तो हात धुवायचा, सुपारी कातरायचा, जरा निवांत व्हायचा आणि मगच आप्पांचा प्रश्न यायचा. मला आधी वाटलं, जुन्या माणसांची रीत असेल. पण ती रीत नव्हती, आप्पांचं शास्त्र होतं. “घास पोटात जाताना समद्यांचंच बरं असतंय,” ते म्हणायचे. “खरं इचारायचं तर मागनं इचारावं.”

आप्पा आमच्या फिरत्या दवाखान्याचे ड्रायव्हर. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं ती. एका ट्रस्टने जुनी मिनीबस घेऊन तिच्यात झोपायला दोन बाकं, एक स्टोव्ह, औषधांचं कपाट आणि लसी ठेवायला छोटा फ्रीज बसवला होता. फ्रीज दोन बॅटऱ्यांवर चालायचा आणि बॅटऱ्या टपावरच्या दोन सोलर पॅनेलवर भरायच्या. शिरूर आणि दौंड तालुक्यांत, भीमेच्या दोन्ही अंगांना, मेंढपाळांचे वाडे पडलेले असत. आज इथे, आठ दिवसांनी पुढच्या माळावर. त्या वाड्यांवरच्या लेकरांना लस टोचायची हे आमचं काम. आठवड्यातले पाच दिवस आम्ही दोघं त्या बसमध्येच राहायचो. मी कंपाउंडर, बारावी सायन्स झालेला, आणि त्याचा ताठा केवढा! आप्पा जातीचे धनगर, तरुणपणी मेंढरं भावावर सोपवून ट्रकवर चढलेले, चौथीतून शाळा सुटलेले.

ड्रायव्हरच्या सीटमागे एक छोटी पेटी होती, चार्ज कंट्रोलर. पॅनेलकडून येणारी वीज बॅटरीत किती जाऊ द्यायची, कधी थांबवायची हे ती ठरवायची आणि बॅटरीचे व्होल्ट लाल आकड्यांत दाखवायची. आप्पांनी तिचं नाव ठेवलं होतं ‘कारभारी’. ते ऐकून मांडवगण फराटा गावच्या बाया तोंडाला पदर लावायच्या, कारण घरी त्या नवऱ्याला हेच म्हणायच्या. आप्पा अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायचे, “हसू नका गं. तुमच्या कारभाऱ्यापरीस ह्यो बरा. पोट भरलं की हात आखडतो.”

पहिल्याच महिन्यात मी माती खाल्ली. भर दुपारी पेटीवर चौदा पॉइंट दोन दिसले. पुस्तकात बारा व्होल्टची बॅटरी, आणि इथे तर चौदा! मी वहीत आकडा लिहिला आणि खुशीत वाड्यावरच्या हळदीला बसमधून ट्यूब, पंखा, टेप, सगळं जोडून दिलं. सकाळी फ्रीज कोमट. सगळी लस टाकून द्यावी लागली. दूरच्या वस्त्यांवरून लेकरं कडेवर घेऊन आलेल्या बाया आल्या पावली परत गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आप्पा रागावले नाहीत. नुसते म्हणाले, “कंपौंडर, तुमी मेंढरू चरताना तोललं.”

मग त्यांनी मला कारभाऱ्याशी बोलायला शिकवलं. ऊन असताना दिसतो तो आकडा बॅटरीचा नसतो, उन्हाचा असतो. फ्रीज चालू असताना दिसतो तो ओझ्याचा असतो. बॅटरीचा स्वतःचा आकडा पाहायचा तर सूर्य वर यायच्या आत उठायचं, फ्रीज थोडा वेळ बंद करायचा आणि वाट पाहायची. “रवंथ करू द्या तिला,” आप्पा म्हणायचे. बारा पॉइंट सहा म्हणजे पोटभर. बारा पॉइंट दोन म्हणजे अर्धपोटी. बाराच्या खाली गेली की उपाशी, आणि उपाशी जनावराकडून काम करून घेणं आप्पांना पाप वाटायचं.

त्या वाट पाहण्याच्या वेळेइतकं सुंदर मी आयुष्यात दुसरं काही अनुभवलेलं नाही. आप्पा स्टोव्हवर चहा ठेवायचे. भीमेवर धुकं असायचं, ते उसात शिरायचं, उसातून आमच्या माळावर यायचं, आणि चाकं दिसेनाशी झाली की बस पाण्यावर उभी आहे असं वाटायचं. दौंडकडून रेल्वेची शिट्टी यायची, फार लांबून, जणू कुणाच्या तरी झोपेतून. कुठेतरी मेंढरांच्या गळ्यातली एखादी घंटा वाजायची आणि थांबायची. आम्ही बोलत नसू. मी जागा आहे की अजून स्वप्नातच आहे, याचाही पत्ता लागायचा नाही. कप रिकामा झाला की आप्पा हळूच सांगायचे, “बघा आता,” आणि मी धुक्यातून परत येऊन पेटीवरचा आकडा वाचायचो.

बॅटरीत पाणी घालणं हा त्यांचा सोहळा असायचा. दौंडहून आणलेला डिस्टिल्ड वॉटरचा कॅन काढायचा, दोन्ही बॅटऱ्यांची सहा-सहा झाकणं उघडायची, आत वाकून पाहायचं. एकदा एक म्हातारी तांब्या घेऊन आली. “इकतचं कशाला आनता? आमच्या हिरीचं गोड पानी हाय की.” आप्पा म्हणाले, “आजी, हिला गोड चालत न्हाई, खारं चालत न्हाई. मेलेलं पानी लागतं.” म्हातारीने भेदरून तांब्या पदराआड घेतला. पुढे कितीतरी दिवस त्या वाड्यावरची माणसं आमच्या बसमधला चहा घ्यायला कां कू करायची.

तिसऱ्या वर्षी बॅटऱ्या थकल्या. पहाटेचा आकडा बारा पॉइंट एकवर आला, मग अकरा पॉइंट नऊवर. उन्हाळा वर यायला लागला होता. मी ट्रस्टला दोनदा कळवलं, उत्तर आलं नाही. त्यात बातमी आली की ट्रस्टचे साहेब गाडी तपासायला येणार आहेत. सामान ठीक असेल तर आणखी एक वर्ष, नाहीतर गाडी बंद. नव्या बॅटऱ्या घ्यायची कुणाची तयारी नव्हती. गाडी बंद झाली तर मला दुसरीकडे कुठेतरी चिकटता आलं असतं. आप्पा साठीला टेकलेले. त्यांना परत स्टिअरिंग कोण देणार होतं?

साहेब आले दुपारी एकला. ऊन रणरणत होतं. पेटीवर तेरा पॉइंट नऊ. माझा जीव भांड्यात पडला. साहेब खूश झाले, “उत्तम आहे की!” म्हणाले आणि पेन काढलं.

“सायेब, आत्ता नगा लिवू,” आप्पा म्हणाले. “पहाटं बघा.”

मी त्यांच्या पायावर पाय दिला. साहेब हसले. “आप्पा, पहाटेपर्यंत मी काय इथे माळावर झोपू?”

आप्पांनी एकवार माझ्याकडे पाहिलं. सीटवरचं घोंगडं उचललं, मागच्या शिडीने टपावर चढले आणि ते काळं घोंगडं एका पॅनेलवर पांघरलं. दुसऱ्या पॅनेलवर आमची चादर टाकली. पेटीवरचे लाल आकडे आमच्या डोळ्यांदेखत उतरायला लागले. तेरा. बारा पॉइंट चार. बारा. अकरा पॉइंट पाच. फ्रीज घरघरला आणि गप्प झाला.

साहेबांनी पेन खिशाला लावलं. महिन्याभरात गाडी बंद झाली.

मी त्या दिवशी आप्पांवर इतका चिडलो होतो की त्यांच्या हातचा चहा घेतला नाही. “एक वर्ष मिळालं असतं,” मी म्हणालो. “तुम्हालाच!”

“व्हय,” आप्पा म्हणाले. “आन् वरीसभर आपन लेकरांच्या दंडात कोमट पानी टोचलं असतं. आयांना वाटलं असतं, पोरगं राखलं.” मग म्हणाले, “कारभारी लबाड न्हाई, कंपौंडर. त्याला कवा इचारायचं त्यात लबाडी असती.”

दौंडला गाडी जमा केली आणि आप्पा घोंगडं खांद्यावर टाकून भावाच्या वाड्यावर निघून गेले. साठाव्या वर्षी पुन्हा मेंढरांमागे. मी त्यांना थांबवलं नाही, माफीही मागितली नाही. तेवढं शहाणपण मला तेव्हा नव्हतं.

चारेक वर्षांनी मी शिरूर तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात होतो. दुपारी एक धनगरीण तान्हं बाळ घेऊन आली. ती मला ओळखत नव्हती. सुई भरली तसं तिने बाळाचा दंड हाताने झाकून घेतला. खाली बघत, भीत भीत म्हणाली, “औषिद गार हाय का? मामंजींनी सांगून ठिवलंय. हात लावून बघ, मगच टोचू दे.”

मी मामंजींचं नाव विचारलं. तिने सासऱ्यांचं नाव घेतलं नाही, नुसतं सांगितलं की ते पूर्वी दवाखान्याची गाडी चालवायचे आणि गेल्या दिवाळीत वारले.

मी लसीच्या गार पेटीतून बाटली काढून तिच्या तळहातावर ठेवली. तिने मूठ मिटली, क्षणभर डोळेही मिटले, आणि मग बाळाच्या दंडावरचा हात काढला.