टाकीवर लोंबकळलेला हीरो

माझ्या कपाटाला कुणी हात लावायचा नाही, हे मी लग्न होऊन काल्हेरला आले त्याच आठवड्यात सांगून टाकलं. सासूबाईंना वाटलं, दागिने असतील. मी घरात नसताना त्यांनी उघडून पाहिलं आणि आमच्या ह्यांना विचारलं, "अरे, हिच्या माहेरच्यांनी बरोबर रद्दी कशाला दिली?" आजही त्या कपाटात वरच्या दोन कप्प्यांत साड्या आहेत आणि खालच्या चार कप्प्यांत सुपरहीरोंची जुनी कॉमिक्स. हिंदीतली, पिवळ्या पडलेल्या कागदाची, भडक रंगांची. मला त्याची लाज कधी वाटली नाही. कुणी कशावर जीव टाकतं, कुणी कशावर. मी मुखवटे घातलेल्या उडत्या माणसांवर टाकते.

आणि मला त्यातलं कळतं, उगाच नाही सांगत. पूर्ण्याच्या एका गोदामात मी सुपरवायझर आहे, येणारा माल आत घ्यायचं काम माझ्याकडे. खोक्याला हात लावला की सांगते, आतला माल कोरडा आहे की ओल धरलेला. कॉमिक्सचंही तसंच. पिन गंजली आहे का, मधलं पान दुसऱ्याच अंकातलं घुसडलंय का, मागे भाड्याच्या दुकानाचा शिक्का आहे का, सगळं मी अंक हातात घेता घेता बघते. बुटांच्या खोक्यातून निघणाऱ्या त्या ओल शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या सगळे कचऱ्यात टाकतात, मी पर्समध्ये टाकते. पावसाळ्यात आमच्याकडे भिंतींना घाम फुटतो, पण माझ्या एकाही अंकाला बुरशी नाही. या, दाखवते. लांबून.

हे वेड लावलं दादानं. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. त्याची शाळा चौथीत सुटली. आधी शेतात राबला, मग भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात लागला. शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशी तो नाक्यावरच्या भाड्याच्या दुकानातून एक कॉमिक आणायचा, आडवा व्हायचा आणि म्हणायचा, "वाच गो बाय." मी वाचायची म्हणजे ओरडायची, कारण लूमच्या आवाजानं त्याचे कान तेव्हाच जायला लागले होते. 'धडाम' आलं की त्याच्या कानाशी जाऊन धडाम करायची. आई म्हणायची, "मेले, शेजारी धावत येतील."

पुढे धडामसुद्धा ऐकू येईना. मग त्यानं मला कारखान्यातल्या खुणा शिकवल्या. लूम चालू असताना कुणाला काही ऐकू येत नाही, तिथं सगळे हातानंच बोलतात. धागा तुटला, बॉबिन संपली, शेठ आला, सगळ्याला खूण. आमच्या दोघांसाठी त्यानं एक वेगळी बनवली. तळहातावर दोन बोटं चालवायची. म्हणजे, पुढे काय झालं?

आमचा एक लाडका हीरो होता. पुस्तकातलं नाव काही असो, घरात त्याला आम्ही 'आपला' म्हणायचो. आपला आला, आपल्यानं मारलं. त्याच्या एका गोष्टीचे दोन भाग होते. पहिला भाग संपला तेव्हा आपला रंगाच्या उकळत्या टाकीवर उलटा लोंबकळत होता, आणि दोर तुटायला एकच धागा बाकी. दादाला काळजी भलतीच. "येवढ्या मोठ्या टाकीला वाफ कुठनं येते?" मी कपाळावर हात मारला.

दुसरा भाग दुकानात आलाच नाही, असं दादानं सांगितलं. मी दहावीत होते. तोऱ्यात म्हटलं, थांब, मी शोधीन.

तिथून जे शोधायला लागले ते लागलेच. मालिकेतले बाकीचे सगळे अंक जमले, हाच तेवढा मिळेना. लग्न झालं, नोकरी लागली. गोदामात सगळे रविवारच्या सुट्टीसाठी भांडतात, मी भांडून शुक्रवार मागून घेतला. शुक्रवारी मी माहेरी. दादा ओट्यावर बसलेला असायचा. मला बघितलं की तळहातावर दोन बोटं चालवायचा. "गावला काय गो?" मी मान हलवायची, न्हाय. मग चहा, मग मासळी, मग दिवसभर हातांनी गप्पा. एकाही शुक्रवारी त्यानं विचारायचं सोडलं नाही.

गेल्या वर्षी साखरेनं त्याचा डावा डोळा घेतला. उजव्याचं डॉक्टर म्हणाले, काय बघायचं ते बघून घ्या. वहिनीनं हे मला फोनवर सांगितलं आणि मी गोदामाच्या दारात, लागलेल्या ट्रकसमोर उभी राहून रडले. कान लूमनं नेले. आता डोळे गेले तर त्या टाकीवरचा माणूस त्याच्यासाठी कायमचा तिथंच लोंबकळत राहणार. दुसरा भाग मी त्याला वाचून दाखवू शकत नव्हते. चित्रं त्यानंच बघायला हवी होती, आणि लवकर.

मी भिवंडीतली रद्दीची एकेक वखार पालथी घातली. मोबाइलवर जुन्या कॉमिक्सवाल्यांचे जेवढे ग्रुप आहेत, सगळ्यांवर विचारलं. शेवटी अंक निघाला कुठे, तर त्याच भाड्याच्या दुकानाच्या म्हाताऱ्या मालकाकडे! दुकान बंद करून तो घरी बसला होता. खूप वर्षांनी बाहेरगावच्या एका गठ्ठ्यात त्याला हा अंक मिळाला आणि त्यानं जपून ठेवला. त्यालाही माझ्यासारखंच वेड. प्लास्टिकच्या पिशवीत, कोरा करकरीत. मी पिशवीवरूनच पिन तपासली.

"बेचूंगा नहीं," तो म्हणाला. "बदले में पहला नंबर दो."

पहिला नंबर म्हणजे मालिकेचा पहिला अंक. माझ्या कपाटातली सगळ्यात मोलाची वस्तू. पिनसुद्धा चकचकीत. तो बघायला लोक नाशिकहून आले होते, आणि मी त्यांना चहा पाजून लांबूनच दाखवला होता. मी म्हाताऱ्याला म्हटलं, "चाचा, हे काय बरं नाही." तो नुसता हसला. मी घरी गेले, अंक काढला, एकदा वास घेतला आणि त्याला देऊन आले. परतताना रिक्षात माझा चेहरा असा होता की रिक्षावाल्यानं विचारलं, "ताई, बरं वाटत न्हाय का?"

शुक्रवारी दादानं बोटं चालवली आणि मी पहिल्यांदाच मान उभी हलवली. तो बघतच राहिला. मला वाटलं, आनंदानं.

आम्ही खिडकीशी बसलो. त्यानं पिशवी फाडली, बोट जिभेला लावलं आणि पान उलटलं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी हात मोडला असता. अंक उजव्या डोळ्याशी धरून तो एकेक चित्र बघत होता. टाकीचं पान आलं. दोराचा शेवटचा धागा. पान उलटायच्या आधीच तो, बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात, म्हणाला, "आता वाफेच्या पाइपाला लाथ मारल बघ."

पान उलटलं. आपल्यानं वाफेच्या पाइपाला लाथ मारली.

मी अंक खाली घेतला आणि हातानं विचारलं, तुला कसं ठाऊक? तो खिडकीबाहेर बघायला लागला. मी त्याची हनुवटी धरून तोंड वळवलं.

"तुजी परीक्षा व्हती तवा आनलेला मी," तो म्हणाला. "दुपारच्या सुट्टीत कारखान्यात बघितला. चित्रांवरून कळतंय की. तेवढ्यात शेठ आला. सोळा नंबरचा लूम लय हलत व्हता, पायाखालचा पुठ्ठा झिजलेला. मी ह्याचीच घडी करून सारली पायाखाली. लूम गप झाला. म्हटलं, जरा वेळानं काढीन. काढला त चिंध्या. दुकानवाल्यानं आठ दिवस शिव्या घातल्या."

माझं डोकंच फिरलं. खुणा सुचेनात म्हणून तोंडानंच सुरू केलं. मी म्हटलं, अरे, पुठ्ठा मिळेना तर चप्पल घालायचीस! मी म्हटलं, माझा पहिला नंबर गेला, चकचकीत पिनेचा, त्या खडूस म्हाताऱ्याच्या घशात! वहिनी पोळपाट टाकून बाहेर आली. दादाला एक अक्षर ऐकू येत नव्हतं, तरी तो मान खाली घालून सगळं ऐकून घेत होता.

मी दमल्यावर म्हणाला, "सांगनार व्हतो. पन मंग तुजं लगीन झालं. तू दर सुक्रवारी यायला लागलीस. मना वाटलं, ह्या पुस्तकापायी येते. सांगितलं त कशाला येल?"

"गाढवा," मी म्हटलं, "मी तुझ्यासाठी येत होते." हे मी त्याच्या कानात ओरडले. ते लूमवरच्या खुणांत सांगता येत नाही, तिथं असलं काही कुणाला कधी सांगावं लागत नाही. त्याला किती ऐकू गेलं कोण जाणे. डोळे पुसले मात्र त्यानं, आणि ते साखरेचं पाणी आहे, असं वहिनीला सांगितलं.

मग त्यानं अंकाचं शेवटचं पान काढलं. खाली एका पट्टीत पुढच्या अंकाची जाहिरात होती. आपला, आणि समोर एक नवा राक्षस. त्यानं त्यावर बोट ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि तळहातावर दोन बोटं चालवली.

तो अंक छापलाच गेला नाही. ती कंपनी त्याच्या आधीच बंद झाली. जुन्या कॉमिक्सच्या नादातल्या कुणालाही विचारा. ग्रुपवर कुणी तो अंक माझ्याकडे आहे म्हणालं, तर त्याला खोटा पाडणारी पहिली मी असते. कॉमिक्सच्या बाबतीत मी आजवर कुणाशी खोटं बोलले नाही.

"शोधते," मी खूण केली.

"तवर दिसल काय मना?" दादानं विचारलं.

मी त्याचा हात ओढून घेतला, तळवा उघडला आणि माझी दोन बोटं त्यावर चालवली, डोळे मिटले तरी कळतील इतकी दाबून.