नाग्याच्या शेडमधला ठेका

आधी तेवढा चहा संपवून घ्या. मी सांगतोय त्यात हसायचं कुठं आणि रडायचं कुठं हे माझं मलाच अजून कळलेलं नाही, उगाच तुम्हाला ठसका लागायचा.

लोकांची फजिती कुठं होते? लग्नात होते, हापिसात होते, फार तर सासुरवाडीत होते. माझी झाली जिवलग मित्राच्या वर्षश्राद्धाला! हार घातलेल्या त्याच्या फोटोसमोर, माईक हातात असताना! आणि केली कुणी म्हणाल तर त्यानंच. जाऊन वर्ष झालेल्या माणसानं!

नागेश, म्हणजे आमचा नाग्या. सोलापुरात पूर्व भागात त्याचा पॉवरलूमचा कारखाना. कारखाना हा शब्द मोठा झाला, पत्र्याचं शेड आणि आत खडखडणारे माग. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि गिटार हातात आली की साहेब एकदम इंग्रज. मी दिलीप, रेडिओ-टेप दुरुस्तीवाला. तरुणपणी आम्हा दोघांच्या डोक्यात रॉकचं खूळ शिरलं. केस वाढवले, पायात घोळणाऱ्या पँटी शिवल्या. नाग्या गिटारवर, मी ड्रमवर. एकदा गणपतीत मंडळापुढं वाजवलं तर पोरांनी त्याच्यावर लेझीम धरलं. आम्ही वाजवायचं थांबलो, लेझीम काय थांबेना!

नाग्यानं स्वतःची एक चाल बांधली होती. शब्द नव्हते. "शब्द नंतर बघू बे," म्हणायचा. ते नंतर काही आलंच नाही. कारखान्याच्या सुट्टीला शेडमध्ये बसून ती चाल आम्ही टेपवर उतरवली, कॅसेट नाग्यानं कपाटात ठेवली, आणि मग संसार लागला मागं. गिटार भिंतीला टांगली गेली, माझा ड्रम भंगारात गेला.

मग नाग्या आजारी पडला. असा की घरातल्यांनी आवाज बारीक केले. मी रोज जायचो, उशाशी बसायचो, काय बोलावं सुचायचं नाही. आणि एक दिवस माझ्या मोबाईलवर त्याच्याकडून काहीतरी आलं. नुसती ऑडिओ फाईल, खाली एकच शब्द: 'ऐक.'

लावली. अहो, आमची चाल! तीच गिटार, तीच मागून येणारी कॅसेटची खरखर, आणि ड्रम! मी दुकानात स्टुलावर बसून ढसाढसा रडलो. एक गिऱ्हाईक मिक्सर घेऊन आलं होतं, ते मिक्सरसकट परत गेलं.

म्हटलं, नाग्यानं जाता जाता कॅसेट मोबाईलवर उतरवून घेतलेली दिसतेय. लगेच लिहिलं: 'हे आपलं सोनं आहे मित्रा! आताच्या पोरांना सात जन्मात जमायचं नाही.' तिकडून हसरे चेहरे आले, एक ओळ भरून. महिन्याभरात नाग्या गेला.

त्यानंतर मी ती फाईल रोज ऐकायचो. शटर वर केलं की आधी नाग्या, मग उदबत्ती. चाल संपायच्या आधीच डोळे भरायचे आणि मी बंद करून टाकायचो. दुकानात आता येतं कोण? टेपरेकॉर्डर लोकांनी माळ्यावर टाकले. खरं सांगू? दिवसभरात माझ्याशी बोलणारं तेवढंच होतं.

इकडं नाग्याच्या घरी वेगळंच सुरू झालं. माग भंगारवाल्यानं नेले. शेड मोकळं पडलं. मोहोळचा एक खतांचा व्यापारी गोडाऊनसाठी भाड्यानं मागत होता. आणि नाग्याची मुलगी लावण्या म्हणत होती, शेड देऊ नका, मला पाहिजे. कशाला? तर तिचा बँड होता! ती आणि तिचे दोघं दोस्त. जुन्या वळणाचं रॉक वाजवायचे. तिथं तालीम करीन, गिटारचे क्लास घेईन, वर्षभर तरी द्या, म्हणत होती.

अंबूवहिनींनी, म्हणजे नाग्याच्या बायकोनं, मला बोलावलं. चहा दिला, समोर बसल्या.

"दिलीपण्णा, मला त्यातलं काय कळत न्हाई. भाडं आलं तर घर चालतंय. पण पोरगी रडायलीय. तिच्यात दम हाय का न्हाई, तुमी सांगा. तुमी म्हणाल तसं करते मी."

आता इथं शहाण्या माणसानं काय केलं असतं? पोरीचं वाजवणं ऐकलं असतं. मी काय केलं? मिशीवरून हात फिरवला!

"वहिनी, त्यात ऐकायचं काय?" मी म्हणालो. "आजकाल जिकडं तिकडं असले बँड निघालेत. केस आमच्यासारखे, पँटी आमच्यासारख्या, आवाजही आमच्यासारखा काढायला बघतात. सगळी शिळी कढी! वर्षश्राद्धाला सगळे येतील ना, तिथंच बोलतो मी. पोरीला खरं काय ते ऐकवतो, म्हणजे तिचं तिलाच कळेल."

वहिनी कप उचलून आत गेल्या.

वर्षश्राद्ध शेडमध्येच होतं. मागांच्या जागी खुर्च्या, भिंतीला नाग्याचा फोटो, फोटोखाली त्याची गिटार. पत्रा असा तापलेला की गुरुजी मंत्रांपेक्षा पाणीच जास्त मागत होते. जेवणं उरकली. पहिल्या रांगेत मोहोळचे व्यापारी, मांडीवर पिशवी घेऊन. बोलणं झालं की भाड्याचा विसार देऊन मोकळं व्हायचं, असा त्यांचा बेत.

मी उठलो. मोबाईल स्पीकरला जोडला, माईक घेतला आणि चाल लावली.

शेड भरून गेलं हो! लोक माना डोलवायला लागले. माझा कंठ दाटून आला, आणि कंठ दाटला की मी थांबत नाही, जास्त बोलतो.

"ऐका!" मी म्हणालो. "हा नाग्याचा हात. याच शेडमध्ये वाजवलेलं आहे. आणि मागून खरखर येतेय ना? ही अस्सल कॅसेटची खरखर. मला कुणी शिकवू नये, आयुष्य गेलंय टेप उघडण्यात!"

लावण्या मागच्या रांगेत दोस्तांबरोबर बसली होती. ती अर्धवट उठली. "काका, जरा..."

"मधे बोलू नकोस बेटा. ऐक. तुझ्यासाठीच लावलंय."

ती बसली.

"आणि आता हा ड्रम ऐका. ऐका ऐका! काय ठेका आहे! एक घाव इकडचा तिकडं नाही. कोण वाजवतंय?" मी छातीवर हात ठेवला. "तुमच्यासमोर उभा आहे!"

टाळ्या पडल्या! वर्षश्राद्धाला टाळ्या! मी हात जोडून त्या घेतल्यासुद्धा. मग पोरीकडं वळलो.

"लावण्या, वाईट वाटून घेऊ नकोस. पण नक्कल करून हे येत नसतं. शेड वर्षभर दिलं काय आणि जन्मभर दिलं काय, तुम्हा आताच्या पोरांच्या हातात हे यायचं नाही. आईचं ऐक. शेड भाड्यानं जाऊ दे."

पोरीनं मान खाली घातली. खांदे हलत होते. मला वाटलं, रडतेय. मलाही भरून आलं. रुमाल काढला, तोंड पुसायला लागलो. एवढ्यात चाल संपली. मोबाईल तिकडं स्पीकरजवळ, मी इकडं फोटोजवळ. बंद कोण करणार? नुसती खरखर चालू राहिली.

आणि त्या खरखरीतून आवाज आला.

"पप्पा, झालं. कसं वाटलं?"

लावण्याचा आवाज! मग कुणीतरी खोकलं. तो खोकला आम्ही सगळे ओळखत होतो. अंबूवहिनींच्या हातातलं पानसुपारीचं ताट तिरकं झालं.

"भारी बे पोरी," नाग्या म्हणाला. "आमच्या टायमाला असंच यायला पाहिजे हुतं. आलं न्हाई. ती खरखर कुठनं आणलीस?"

"मुद्दाम घातलीय पप्पा. तुमच्या कपाटातल्या कॅसेटसारखं जुनं वाटावं म्हणून."

"आणि ड्रमवर कोण हाय?"

"कोण न्हाई. कॉम्प्युटर हाय."

"तरीच म्हणलं! दिल्याचा ठेका एवढा नीट कसा काय? ते येडं दर वेळी मधीच पळत सुटायचं. थांब, त्याला पाठवतो. कळतंय का बघू."

मग नाग्या हसला. हसता हसता परत खोकला. आणि संपलं.

सांगा, कुठं जाऊ मी? खाली फरशी, वर तापलेला पत्रा! समोर एवढी माणसं, आणि शेजारी फोटोत नाग्या. फोटो हसराच निवडला होता, त्याला आता मी काय करू? कुणी हसेना. माझी कीव येऊन नव्हे हो, वर्षानं त्याचा आवाज ऐकला होता सगळ्यांनी.

अंबूवहिनी तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "परत लावा."

लावलं. परत "भारी बे पोरी", परत "ते येडं मधीच पळत सुटायचं".

"परत लावा, अण्णा."

नाही कसं म्हणणार? त्या बाईला नवऱ्याचा आवाज हवा होता, आणि त्या आवाजात माझीच हजेरी होती! प्रत्येक वेळी मीच जाऊन बटण दाबायचं आणि प्रत्येक वेळी सगळ्यांसमोर येडं ठरायचं. शेवटी 'पळत सुटायचं' आलं आणि वहिनी हसल्या. नाग्या गेल्यापासून पहिल्यांदा. मग सगळं शेड हसलं, आणि हसता हसता निम्मे लोक डोळे पुसायला लागले. मी पुसतच होतो.

लावण्या पुढं आली. मी म्हणालो, "पोरी, तुला माहीत होतं, मग सांगितलं का नाहीस?"

"तुमचा मेसेज आला तवा पप्पा लई हसले, काका. मग म्हणले, सांगू नको, त्याला वाईट वाटंल. म्हणून मी कधी बोलले न्हाई."

"अगं पण आज तरी अडवायचंस!"

"उठले की. तुमीच म्हणलात, मधे बोलू नको."

मी रुमाल खिशात कोंबला.

वहिनींनी ताट खाली ठेवलं आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, "अण्णा, आता सांगा. पोरीला जमतंय का?"

एक वर्ष मी जिच्या वाजवण्यावर रडलो, तिलाच माईकवरून सांगितलं होतं की तुला जमायचं नाही.

"वहिनी," मी म्हणालो, "नाग्याला आणि मला जे आलं नाही, ते हिला आलंय. शेड हिला द्या. मी आधी बोललो ते सगळं माघारी घेतो."

वहिनींनी मोहोळकरांना हात जोडले. माणूस भला. पिशवीची घडी करून उठला. "ऱ्हाऊ द्या, दुसरं बघतो आमी. पण वाजवलंय लई झ्याक." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "त्यो ड्रम तर इचारू नका, लईच नीट हाय!"

मी मान हलवली. दुसरं काय हलवणार?

पाहुणे पांगले. ती तिन्ही पोरं खुर्च्या उचलायला लागली, मीही लागलो. नाग्या गेल्याचं मला त्या दिवशी खरं कळलं. रोज सकाळी ज्याला भेटत होतो तो नाग्या नव्हताच, आणि त्याच्याशेजारी वाजवणारा मीही नव्हतो. उद्या शटर वर करून काय ऐकायचं? हातात खुर्ची होती तशीच धरून पोरीला म्हणालो,

"लावण्या, कॉम्प्युटरला किती दिवस बसवणार? ड्रमवर खरा माणूस पाहिजे की नको? मी आहे. मोकळाच असतो."

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. लावण्यानं माझ्या हातातली खुर्ची घेतली, बापाच्या फोटोसमोर मांडली आणि मला धरून तिच्यावर बसवलं.

"या की काका," म्हणाली. "रोज या. ऐकायला."