पाण्याची वाफ आणि अर्धा मार्क

संशोधनासाठी मी सिरसाळ्याजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत सातवीच्या वर्गात मागे बसायचे. शाळेत घरच्या भाषेलाही नकळत मार्क मिळतात, असं समाजशास्त्राच्या पुस्तकात वाचलं होतं. ते घडतं कसं, हे मला बघायचं होतं.

विज्ञानाच्या तासाला सरांनी विचारलं, ओले कपडे वाळतात तेव्हा पाणी कुठं जातं? एक मुलगी उठली. तिचे आईवडील ऊसतोडीला गेलेले, ती मावशीकडे राहायची.

"सर, उन्हानं पाण्याची वाफ व्हती अन् हवंत जाती. दिसत न्हाई, पण जाती."

"नीट बोल," सर म्हणाले. ती खाली बसली. मग एका दुकानदाराच्या मुलानं "पाण्याचे बाष्पीभवन होते" असं सांगितलं. त्याला शाब्बासकी मिळाली.

मीही दुकानदाराच्याच घरची. मला असं कुणी अडवल्याचं आठवेना.

उत्तर बरोबर असूनही तिला का अडवलं, असं मधल्या सुट्टीत सरांना विचारलं, तर ते रागावले नाहीत. "माझेबी आईबाप तोडीलाच जायचे," ते म्हणाले. "गुरुजींनी मला शब्दाशब्दाला टोकलं, म्हणून आज नोकरीत हाय. यांना तसंच सोडलं तर उद्या मुलाखतीत कोण उभं करील?"

 मी विचारलं, "तुमच्यासोबतच्या बाकीच्या पोरांचं काय झालं?"

ते म्हणाले, "वर्गात बोलायचीच बंद झाली. मग शाळाबी सुटली."

पुढच्या आठवड्यात सरांनी आपणहून वर्गाला सांगितलं, "आधी घरी बोलता तसं सांगा. पुस्तकात कसं लिहायचं, ते मग बघू." वर्गात गलका वाढला. ती मुलगी आता प्रश्नही विचारू लागली. मग पावसाळ्यात कपडे लवकर का वाळत नाहीत, यावर एक अख्खा तास गेला.

चाचणीचे पेपर दुसऱ्या शिक्षकांनी तपासले. तिनं 'वाफ व्हती' लिहिलेलं, अर्धा मार्क कापला गेला. ती पेपर घेऊन सरांकडे आली.

"सर, उत्तर बरुबर हाय ना? मग मार्क कावून कापला?"

"उत्तर बरोबर हाय. पेपरात पुस्तकातली भाषा लागती."

"मग तीबी शिकवा की."

सर हसले. तिला शेजारी बसवून त्यांनी तिच्याकडून घरचं आणि पुस्तकातलं, अशी दोन्ही वाक्यं लिहून घेतली. अर्धा मार्क मात्र मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी पेपर तपासणाऱ्या शिक्षकांना भेटले. मार्काचा विषय काढला नाही. लहानपणी त्यांच्या घरी कसं बोलायचे, एवढंच विचारलं. त्यांनी खुर्ची पुढं सरकवली आणि म्हणाले, "बसा. हे आजवर कुणी विचारलं न्हाई."