अकरा खाकी शर्ट

हिरेकोट्याचा धोंडप्पा शिंपी. गळ्यात लिंग, कानावर खडूचा तुकडा, तोंडात कायम दोरा. माणूस एकदा समोरून चालत गेला की त्याचं माप ह्याच्या डोळ्यांत बसलंच म्हणून समजा. पण असल्या शहाण्या माणसालाही एक खूळ लागलं, आणि खूळ तरी कसलं, तर क्रिकेटचं! सोलापूरला सुया-दोरा आणायला म्हणून गेला, तिथं मिलच्या मैदानावर खेळ बघत दिवसभर उन्हात उभा राहिला, आणि सुया न घेताच परत आला. बायको गिरिजाबाई म्हणाली, "बरं झालं, मुंडासं तरी आठवणीनं आणलं."

हिरेकोटा म्हणजे उमरग्यापासून दोन कोसांवरचं गाव. अर्धं मराठी बोलतं, अर्धं कानडी, आणि भांडताना दोन्ही. सुगी सरली की गावाबाहेरचं मोठं खळं रिकामं व्हायचं. शेणामातीनं सारवलेलं, बैलांच्या पायांनी तुडवून दगडासारखं टणक झालेलं. धोंडप्पानं त्याच्या दोन टोकांना बाभळीच्या दांड्या रोवल्या आणि क्लब सुरू केला. बॅट होती किराणा दुकानदाराच्या मल्लिकार्जुनची, म्हणून पहिली पाळीही त्याचीच. औट झाला तरी जायचा नाही पठ्ठ्या. धोंडप्पा दांड्यांमागं बसायचा. बॉल लागून लागून त्याची उजवी करंगळी वाकडी झाली ती जन्माची.

आणि क्लबाचा खरा जीव होता आयुब. सरदारबी म्हातारीचा एकुलता एक पोरगा, जातीनं पिंजारी. कापूस पिंजायच्या कमानीच्या तातीवर दिवसभर लाकडी ठोकळा हाणून त्याचं मनगट असं तयार झालं होतं की बॉल टप्पा खाऊन कुठं जाईल ते बॅट धरणाऱ्याच्या बापालाही कळायचं नाही. कळायचं फक्त धोंडप्पाला. आयुबचं मनगट फिरायच्या आधीच ह्याचे हात तिकडं गेलेले असायचे. आठ वर्षांनी लहान पोरगा, पण धोंडप्पाचा त्याच्यावर पाठच्या भावावर असावा तसा जीव. आयुब त्याला अण्णा म्हणायचा.

शेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात हे लोक उमरग्याला तहसिलीतल्या कारकुनांशी खेळायला गेले. कुणी धोतरात, कुणी लुंगीत, आयुब गुडघ्यावर फाटलेल्या पायजम्यात. समोर कारकून पांढरेशुभ्र. त्यांचा पुढारी म्हणाला, "तमाशाचा फड आलाय का काय? जा, ड्रेस घालून या. बिनड्रेसचं मैदानात पाऊल ठेवायचं नाही." अकरा माणसं न खेळता दोन कोस चालत परत आली.

आता पांढरं कापड आणायचं कुठनं? कापडाचा कंट्रोल होता. मेलेल्या माणसाला कफन मिळायची मारामार, तिथं ह्यांना खेळायला कोण कापड देतंय! पण शिंप्याची नजर ती. लढाई संपली होती आणि सोलापूरच्या बाजारात पलटणीतले जुने खाकी शर्ट ढिगानं विकायला पडले होते. धोंडप्पानं अकरा उचलले. पण मोगलाईच्या, म्हणजे निजामाच्या राज्याच्या, हद्दीवर करोडगिरीचा नाका, आणि नाक्यावरचा शिपाई धोंडप्पाला चांगला ओळखत होता; गठ्ठा दिसला की जकातीच्या नावाखाली निम्मा खाणार. तेव्हा धोंडप्पा मोटारीनं मोकळ्या हातानं आला, आणि सोबत नेलेला आयुब गठ्ठा डोक्यावर घेऊन, नाक्याला वळसा घालून रानारानानं चालत आला. पायात काटे मोडलेले, पण तोंड हसतंय. "अण्णा," तो म्हणाला, "म्या आणला बघ. आता तू शिव."

आणि शिवले हो! एकेका अंगाला असे बसवले की मल्लिकार्जुनसुद्धा आरशापुढून हलेना. पुढच्या महिन्यात त्याच मैदानात खाकी हिरेकोटा पांढऱ्या कारकुनांशी खेळला. शेवटचा गडी उरला, त्यांना पाच धावा हव्या. आयुबचा बॉल बाहेर पडला आणि आत वळला, कारकून पुढं आला, आणि त्याचा पाय मागं यायच्या आत धोंडप्पानं दांड्या उडवल्या. पोरांनी त्याला उचलून घेतलं. ह्या माणसाच्या उभ्या जन्मात सुखाचा म्हणावा असा तो एक दिवस. पुढं जे झालं त्यात त्या दिवसाचंही मातेरं झालं.

अठ्ठेचाळीस साल उजाडलं. निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या टोळ्या गावोगाव फिरायला लागल्या. त्यांच्याही अंगावर खाकीच. हिरेकोट्यात आले तेव्हा त्यांनी मल्लिकार्जुनचं दुकान पेटवलं, बापाला भर चौकात बडवलं. म्हातारा त्या मारातून उठला नाही. जाताना त्यांनी आयुबला सांगावा धाडला, आमच्यात ये. आयुब गेला नाही. आठ दिवस तो गावाबाहेरच्या पडक्या विहिरीत लपून राहिला आणि धोंडप्पा कापडात भाकरी बांधून त्याला रोज पोचवत होता. वरून विचारायचा, "जिता हायेस का रं?" खालून उत्तर यायचं, "अण्णा, चटणी विसरलास की." म्हणजे आयुब काय होता आणि काय नव्हता, हे धोंडप्पाइतकं जगात कुणालाच ठाऊक नव्हतं.

सप्टेंबरात हिंदुस्थानची फौज आली. रझाकार पळाले, देवळात पेढे वाटले, आणि दोनच दिवसांत नवी आवई उठली: ज्याच्या घरात खाकी सापडेल त्याला रझाकार म्हणून धरतायत. झालं! एका सकाळी क्लबातले नऊच्या नऊ गडी शर्ट काखेत मारून धोंडप्पाच्या दारात. "ह्याचं काय बी कर, पन हे नगं आमच्या घरात." जाळावं तर धूर दिसणार, शिवाय कापड जाळायचा धीर त्या काळात कुणाला होता? धोंडप्पानं आपला दहावा शर्ट वर ठेवला आणि कात्री चालवली. बाह्या, पाठी, खिसे सगळं कापून, मध्ये गिरिजाबाईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या घालून त्यानं वाकळ शिवली. स्वतःच्या शर्टाची पाठ मधोमध आली. आयुबकडंही तो गेला होता. "दे रं तुझाबी," म्हणाला. आयुब हसला. "म्या काय केलंय अण्णा? ह्यो तर क्लबाचा शर्ट. आन् दुसरा हाय कुठं मला?"

चौथ्या दिवशी त्याच शर्टात आयुबला फौजेनं धरून नेलं.

सरदारबी अनवाणी पळत आली ती थेट शिंप्याच्या ओट्यावर. "धोंडप्पा, बेटा, तुमचे दहा शर्ट दाव सायबाला! म्हणावं, समद्यांचे सारखेच हायती, खेळायचे हायती. बास, सोडतील माझ्या पोराला." धोंडप्पानं वाकळ आणून तिच्यापुढं पसरली. म्हातारीनं ती वाकळ हातानं चाचपली, आणि बोटांना कापलेल्या बाह्या, खिसे लागले. ज्या हातांनी शर्ट शिवले त्याच हातांनी कापले होते, आणि ज्याला ते दाखवून सोडवायचं तो एकटाच शर्टासकट अडकला होता. धोंडप्पाला आपल्या कात्रीची शिसारी आली.

तो मल्लिकार्जुनच्या घरी गेला. "चल संगं. दोघं सांगू, आमीबी घातले हुते म्हून." मल्लिकार्जुन बापाच्या फोटोखाली बसला होता. म्हणाला, "माझा बाप खाकीनं मारला. आन् म्या जाऊन सांगू, खाकी माझ्याबी अंगावर हुती? लाज वाटती का धोंडप्पा तुला?" बाकीच्या आठांतला एक सासुरवाडीला गेलेला, एकाला ताप, एकाची म्हैस व्यायला आलेली. सगळ्यांची कामं त्याच दिवशी निघाली.

धोंडप्पा एकटाच निघाला. वाकळीची घडी खांद्यावर टाकून दोन कोस चालला. त्याला श्रेय द्यायचं तर तेवढं द्या, की तो गेला.

उमरग्यात छावणी नेमकी त्याच मैदानात पडली होती. तंबूच्या सावलीत हिंदी बोलणारा एक कप्तान, शेजारी लिहून घेणारा कारकून. दहा पावलांवर धरून आणलेली माणसं रांगेनं बसवलेली, हात मागं दोरीनं बांधलेले, त्यांच्यात आयुब. अण्णाला बघून त्याचा चेहरा उजळला. धोंडप्पानं वाकळ पसरली आणि मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगायला लागला: अकरा शर्ट, क्लब, पांढरं कापड मिळालं नाही, सोलापूरचा बाजार, नाक्याचा वळसा, हाच पोरगा बॉल टाकायचा, हे बघा माझं बोट. कप्तानानं बोट बघितलं, वाकळ बघितली आणि हसला. "क्रिकेट सफेद कपडों में खेलते हैं. खाकी में क्रिकेट? किसको सिखाता है?"

मग कारकुनाचा बोरू थांबला. त्यानं मराठीत विचारलं, "म्हणजे खाकी शर्ट तू शिवलेस. अकरा. कुणाच्या सांगण्यावरनं? आणि नाका चुकवून हा माल गावात आणला कुणी?"

धोंडप्पाला तेव्हा कळलं आपण काय बोलून बसलो ते. इतका वेळ तो साक्षीदार होता, आता तो रझाकारांचा शिंपी झाला होता. शेजारी दोन शिपाई उभे राहिले. त्याच्या डोळ्यांपुढं गिरिजाबाई आली, दोन पोरं आली, रांगेतली ती दोरी आली.

"गठ्ठा आयुबनं आणला," तो म्हणाला. "डोक्यावर. रानातनं."

खोटं नव्हतं हो ते! अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि त्याहून मोठं पाप त्यानं जन्मात दुसरं केलं नाही. विकत मी घेतला, वळसा घालून ये असं मीच सांगितलं, एवढंच पुढं म्हणायचं होतं. जीभ हलली नाही.

कारकून रांगेकडं वळला. "काय रे, तू आणलास?"

आयुब धोंडप्पाकडं बघत होता. राग नव्हता त्या नजरेत, तेच वाईट. बॉल टाकायच्या आधी बघायचा तसा बघत होता.

"जी," तो म्हणाला. "म्याच आणला. शिंप्याला काय ठावं न्हाई. त्याला दिलं, त्यानं शिवलं."

कप्तानानं हात हलवला. धोंडप्पाला वाकळीसकट बाहेर काढलं. तो मैदानातून चालत गेला, दांड्या उडवल्या होत्या त्या जागेवरून.

आयुबला शिक्षा झाली. सरदारबी एकदाच तुरुंगात जाऊन त्याला भेटून आली. दुसऱ्या पावसाळ्यात तो कावीळ होऊन तिथंच गेला. क्लब परत कुणी काढला नाही. खळ्यावर पुन्हा नुसती ज्वारी पडायला लागली आणि मल्लिकार्जुननं बॅट चुलीत घातली.

त्यानंतरच्या ईदेला सरदारबी शीरखुर्म्याचं भांडं घेऊन धोंडप्पाच्या ओट्यावर आली. रडून रडून तिची नजर गेल्यातच जमा होती. "खा बेटा," म्हणाली. "आयुबनं मला तुरुंगात समदं सांगितलं. म्हणाला, अम्मा, धोंडप्पा अण्णा सायबाला सांगत हुता, 'गठ्ठा मीच आणला, मला धरा.' म्याच मदी पडून खोटं बोललो. त्याला बायकापोरं हायती. त्याला दुवा दे."

"खाला," धोंडप्पा म्हणाला.

"काय बेटा?"

"काय न्हाई."

"मग खा की. थंड हुतंय."

त्यानं खाल्लं. तिनं डोक्यावर हात ठेवला, त्यानं ठेवू दिला. असं दर ईदेला चाललं. मठातल्या जंगमानं टोकलं, भावकी बोलली, पण हा शीरखुर्मा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचा. दर वेळी त्याला वाटायचं, आज सांगायचं. आणि दर वेळी तिच्या हाताखाली मान जायची. सांगून टाकलं तर ह्याचं ओझं उतरेल. पण पोरानं जाता जाता आईला जे एवढंसं दिलं तेही जाईल. आणि खरं सांगायचं तर, त्याची हिंमतही नव्हती.

सरदारबीनं अंथरूण धरलं ते थंडीच्या दिवसांत. धोंडप्पा ती वाकळ घेऊन गेला आणि तिच्या अंगावर घातली. म्हातारीला आता काहीच दिसत नव्हतं. बोटांनी टाके चाचपत ती म्हणाली, "ही तीच ना रं? खेळायच्या शर्टांची?"

"व्हय, खाला."

"ह्यात आयुबचा कुठला?"

आयुबचा त्यात नव्हता. धोंडप्पानं तिचा हात धरला, वाकळीच्या मधोमध नेला आणि स्वतःच्या शर्टाच्या पाठीवर ठेवला.

"ह्यो," तो म्हणाला.

म्हातारी त्या तुकड्यावर गाल टेकून झोपली.