आमची तीन लाकडी पावलं

एक लाकडी पाय बाजारात गेला की एखादा किस्सा घरी आणतोच. आम्ही तर तिघं! निमगावचे दौलतराव, निरवांगीचा भिवातात्या आणि वरकुट्याचा मी. दौलतरावांचा पाय लढाईत गेला, तात्याचा खाणीत, माझा उसाच्या गाडीखाली. तिघांचेही मांडीतूनच! कातडी पट्टे शिवून घ्यायला बारामतीच्या एकाच दुकानात जायचो, तिथंच दोस्ती जमली.

*

दौलतराव लाकडी पाय बाहेरून अर्धगोल फिरवून पुढं टाकतात. एकदा भर बाजारात त्या फेऱ्यात माळणीचा वांग्यांचा ढीगच गेला!

माळीण कडाडली, "रस्ता सरकारचा हाय, तुमच्या एकट्याचा न्हाय!"

दौलतराव वांगी गोळा करत म्हणाले, "बाई, सरकारला अख्खा पाय दिलाय. वीतभर रस्ता घेऊ दे की!"

*

तात्याची तऱ्हा निराळी. लाकडी पाय पुढं काढताना तो चांगल्या पायाच्या चवड्यावर उभा राहतो. त्यामुळं शेजाऱ्याच्या भिंतीवर त्याचं मुंडकं दर पावलाला वर येतं आणि बुडतं. शेजारीण पाटलाकडं गेली. "तात्या रोज भिंतीवरनं डोकावतो!"

पाटलानं तात्याला बोलावून दरडावलं. तात्या म्हणाला, "डोकावत न्हाय पाटील, जातोय!"

*

पुण्याच्या मिस्त्रीनं तात्याला गुडघ्यात वाकणारा नवा पाय बसवला. पण तात्या आपला चवड्यावर टुणटुण उडतोच!

मिस्त्री वैतागला, "अहो, गुडघा वाकतोय आता! उडता कशाला?"

"गुडघा नवा हाय मिस्त्री," तात्या म्हणाला, "माणूस जुनाच हाय!"

*

माझ्या बागेतले पेरू गेले. ओल्या वाफ्यात एक पाऊल सरळ, दुसऱ्याचा कोयत्यासारखा वाकडा ओरखडा. थेट दौलतरावांचं घर गाठलं. ते पेरू खातच बसले होते!

म्हणाले, "दोस्ताच्या बागेत आलतो. चोरी करायची असती, तर तात्याचा पाय लावून आलो असतो!"

*

माझी बायको वारल्यावर तात्यानं त्याच्या गावातली सरू सुचवली. तीही विधवा, पाट लावायचा होता. आम्ही तिघं गेलो. पान-सुपारी झाली, बोलणी जमत आली, आणि सरू दारातून वडिलांना म्हणाली, "अण्णा, बाईला बघायला आले की चालायला लावतात न्हवं? मग ह्यांनाबी चालू द्या."

तिचे वडील खाली बघायला लागले.

मी उठलो. मी दर पावलाला लाकडी बाजूला झुकतो. ते दिसू नये म्हणून अंग आवळून, बारीक पावलं टाकत अंगणात निघालो. कपाळावर घाम आला.

"असं न्हाय," सरू म्हणाली. "रोज चालता तसं."

मग म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते! पाय फेकला, अंग झुकू दिलं, ठक्क ठक्क करत गोठ्यापर्यंत गेलो आणि तसाच परत आलो.

वडिलांनी दबक्या आवाजात विचारलं, "काय गं सरू? काय म्हणतीस?"

सरूनं पदर सारखा केला.

"चालतंय की!"