काळ्या मण्याचं भोक

नव्वदच्या दशकात आईच्या मोतीबिंदूसाठी आम्ही आदिलाबादच्या एका दवाखान्यात होतो. डोळ्यात कृत्रिम भिंग बसवायचं मी तिला न विचारताच ठरवलं होतं आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. शेजारच्या खाटेवर वांकिडीकडचा एक म्हातारा होता. मंगळसूत्रं ओवून देणं हा त्याचा धंदा. त्याच्याही डोळ्यात तसंच भिंग बसवलं होतं; त्याची पट्टी आईच्या आधी सुटली.

"झाडावरचा कावळा दिसून राह्यला!" तो हरखून म्हणाला. लगेच त्यानं खिशातून काळा मणी आणि दोरा काढला. मणी धरलेला हात तो डोळ्यापासून लांब लांब नेत गेला. हात पुरता ताणला, तरी भोक दिसेना.

डॉक्टरांनी समजावलं, की या भिंगानं लांबचं दिसतं. जवळच्यासाठी महिन्याभरानं चष्मा लागेल.

"तवर मंगळसूत्र काय कावळ्यापाशी नेऊन ओवू, साहेब?"

सगळे हसले. तो मात्र मणी चाचपत बसला.

आईनं माझी बाही ओढली. "त्याले दिसलं का रे? मले ज्वारीतले खडे दिसले तरी पुरे."

"दिसलं," मी म्हणालो. डॉक्टर तिची पट्टी सोडायला वळले.