वॉल्टरच्या आईचा उंडा

माझ्या नवऱ्याच्या मावशींना घडवताना देव माघार घ्यायची सोयच करायला विसरला. नागपूरहून आमच्याकडे अमेरिकेत नोव्हायला आल्या आणि पहिल्याच दिवशी गाडीतल्या जीपीएसशी भांडल्या. "कालची पोरगी, मला रस्ता शिकवते!" बाहेर सगळं गोठलेलं असताना साडीवर स्नीकर्स चढवून फिरायला जायच्या आणि लालभडक नाकाने परत येऊन विचारायच्या, "कुठाय तुमची थंडी?" त्यांच्यापुढे बोलायची कोणाची टाप नव्हती. माझी तर मुळीच नव्हती.

शेजारी वॉल्टर नावाचे जर्मन आजोबा राहायचे, ऐंशीच्या पुढचे. त्यांची मुलगी घर विकून त्यांना वृद्धाश्रमात हलवणार होती. जाण्याआधी त्यांना एकच हवं होतं. एका जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोत त्यांची आई टेबलापाशी उभी होती, पुढ्यात पाटावर एक जाडजूड वळकटी आणि तिचे काप. आई गेली तेव्हा वॉल्टर अगदी लहान होते, पदार्थाचं नाव कोणालाच माहीत नव्हतं. "ह्या किचनमध्ये एकदा ते खायचंय," एवढंच म्हणाले. माझ्या फोनने फोटो पाहून केक सांगितलं, माझ्या लेकीने "पोटॅटो समथिंग" सांगितलं. मावशींनी चष्मा लावला आणि ठणकावलं, "अळूवडी!"

"अहो मावशी, जर्मनीत अळू?"

"तुला काय माहीत? तू गेली होतीस?"

इथे अळू कुठलं मिळायला! मावशींनी कॉलर्ड म्हणून कोबीच्या जातीची पालेभाजी मिळते, तिच्या पानांना बेसन फासलं, उंडे वाफवले, काप तळून शेजारी नेले. वॉल्टर तीन-चार चवीने खाऊन हळूच म्हणाले, हे ते नव्हे. दुसरं कोणी असतं तर ओशाळलं असतं. मावशी म्हणाल्या, "मग फोटो चुकीचा आहे!"

पण फोटो घरी घेऊन आल्या. जेवताना समोर, चहाच्या वेळी समोर. लोकांचं किचन आवरायला निघालं आणि ह्यांचं संशोधन चालूच, माझा जीव नुसता टांगणीला. शेवटी मावशी एकदम ओरडल्या, "अगं, हिच्या हातात सुरी कुठाय? दोरा आहे! उकडलेलं अंडं कापतो तसा! आणि खुर्चीवर बघ, ओलं फडकं वाळत टाकलंय. बाई गं, हे फडक्यात बांधून उकडलंय!" मी तेवढंच सर्च केलं आणि सापडलं की! शिळा पाव, दूध, अंडी कालवून, फडक्यात गुंडाळून उकडलेला उंडा. जर्मन नाव उच्चारायला मावशींनी साफ नकार दिला.

घर रिकामं करायच्या आदल्या दुपारी वॉल्टरच्याच किचनमध्ये तो केला. मावशींनी मिरची घातलीच. वॉल्टरना ठसका लागला, म्हणाले, "माझी आई मिरची घालत नसे."

"तिला मिळाली नसेल," मावशी म्हणाल्या.

दुसरा काप मात्र त्यांनी डोळे मिटून खाल्ला. म्हणाले, "हेच ते. पण माझ्या आठवणीत उंडा केवढा तरी मोठा होता." मी भाषांतर केलं. आता ह्यावर मावशी काय ऐकवतात ह्या धास्तीने मी श्वास रोखून उभी. मावशींनी त्यांच्या ताटलीत आणखी एक काप वाढला.

"बाळा, तू एवढासा होतास ना रे," त्या म्हणाल्या.

मला ते इंग्रजीत सांगता येईना. पण वॉल्टर केव्हाच रडायला लागले होते.